हैदराबादचा डाग

अंगावरचं लोखंड, चांदी, जे काही असेल ते उतरवायचं, असं नर्स हिंदीत सांगत होती आणि गोजरबाई तिच्याकडे बघतही नव्हती. ती बघत होती नर्सच्या हातातल्या वाकड्या ताटलीकडे. असल्या भांड्यात आम्ही कोंबडीला दाणे टाकत नाही, असा तिचा चेहरा होता.

अडलं होतं घुगऱ्यांपाशी. कानशिलाजवळ केसांत गुंफलेल्या चांदीच्या घुगऱ्या गोजरबाईला लग्नात मिळाल्या होत्या. तांड्यावरच्या बाईच्या घुगऱ्या एकदाच उतरतात, नवरा गेल्यावर. तिचा नवरा हरिचंद तर दाराबाहेर बाकावर चांगला जिवंत बसला होता आणि दवाखान्यात मळू नये म्हणून बजावलेली तंबाखू मळत होता.

"याडी, काढ ना," तिचा मुलगा ओमप्रकाश म्हणाला. "मशीनचा करंट असतो. चांदीला चटका बसतो."

"चटक्याचं मला शिकवून राहिला का तू?"

नर्सला मराठी कळत नव्हती, पण आवाजावरून तिला समजलं की ही म्हातारी आपल्याला नव्हे, मुलाला रागावते आहे. तिला थोडं बरं वाटलं. शेवटी हरिचंदलाच आत बोलावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हात धोतराला पुसले आणि स्वतःच बायकोच्या केसांतली गाठ सोडवायला लागला. त्याची बोटं जाड होती. केस ओढले जात होते, पण ती हूं की चूं करत नव्हती.

"मी जिता हाय का न्हाई ते मला ठावं हाय," तो म्हणाला. "या पोरीला कशाला पटवून द्यायचं? संध्याकाळी पुन्हा घालू."

"तुमाला गुंफता येतंय?"

"न्हाई."

"मग काहून बोलता?"

एवढं बोलून ती चाकाच्या गाडीवर आडवी झाली आणि छताकडे बघायला लागली. घुगऱ्या हरिचंदनं पटक्याच्या टोकाला बांधल्या आणि पुन्हा बाकावर जाऊन बसला.

गोजरबाई शिरड शहापूरजवळच्या एका तांड्यावर राहायची. औंढ्यापासून वसमतपर्यंत तिचं नाव ठाऊक नसलेला माणूस शोधावा लागला असता. ती डाग द्यायची. ज्यांच्या गावात ही चाल नाही त्यांना सांगायला हवं. कोणाला कावीळ झाली, पोटात शूळ उठला, लेकरू दूध टाकायला लागलं, की त्याला डाग देणाऱ्याकडे न्यायचं. डाग देणारा गोवरीच्या निखाऱ्यात लोखंड लाल करतो आणि दुखण्याच्या जागी कातडीवर टेकवतो. चर्र आवाज येतो, वास येतो, माणूस ओरडतो. मग राख लावायची, तेल-तूप वर्ज्य करायचं आणि घरी जायचं. गोजरबाईचं लोखंड म्हणजे गोण्या शिवायचं दाभण. सासूनं तिला ते दिलं होतं आणि दाभणाबरोबर ‘हात’ही दिला होता, म्हणजे गुण येण्याची शक्ती, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. चाळीस वर्षं दर रविवारी तिच्या दारात रांग लागायची. ती कोणाकडून पैसा घ्यायची नाही आणि कोणाशी गोडही बोलायची नाही.

आलेल्या माणसांविषयी तिला भयंकर तिटकारा होता. ती म्हणायची, ही माणसं आधी घरचा पाला खातात, मग देवाला कोंबडं कापतात, मग औंढ्याच्या डॉक्टरकडं जातात आणि सगळीकडून हात हलवत परत आली की माझ्या दारात येऊन रडतात. रडणारा माणूस तिला मुळीच खपायचा नाही. डाग घेताना जो रडला त्याचा डाग वाया, हा तिचा कायदा होता. गुण आला नाही, तर तो रडला असेल. आणि रडला नसेल, तर त्यानं चोरून तेलाचं खाल्लं असेल. या कायद्यात तिची चूक निघेल अशी एकही फट नव्हती.

तिची चूक काढणारा एकच माणूस होता आणि तो तिच्याच पोटी आला होता. ओमप्रकाश सरकारी आरोग्यसेवक. गावोगाव जायचा, शाळेच्या भिंतीला तक्ता टांगायचा आणि पाणी उकळून प्या, डाग देऊ नका, असं सांगायचा. तांड्यावर आला की त्याच तक्त्याची गुंडाळी काखेत मारून आईच्या दारातल्या रांगेतून वाट काढत घरात शिरायचा. रांगेतली माणसं त्याला रामराम करायची आणि हसायची. नोकरी लागल्यापासून तो घरातसुद्धा मराठी बोलायचा. घरची बोली गोरमाटी, पण गोजरबाई मग हट्टानं त्याला मराठीतच उत्तर द्यायची आणि तेही असल्या मराठीत की त्यानं खिडकी लावून घ्यावी.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात तिचे डोळे पिवळे झाले. पहिल्यांदा तिलाच कळलं. कळणारच, आयुष्यभर दुसऱ्यांच्या पापण्या उलट्या करून बघितलेल्या. तिनं कोणाला सांगितलं नाही. घरात कोणी नसताना दाभण तापवलं आणि डाव्या हातानं उजव्या हाताला डाग घेतला. ती रडली नाही, तेलाचा थेंब जिभेला लावला नाही. पिवळेपणा वाढतच गेला. अंगाला खाज सुटली, पाठीत मेख ठोकल्यासारखं दुखायला लागलं आणि भाकरी नकोशी झाली. शेवटी ओमप्रकाशनं तिला उचलूनच नांदेडला नेलं आणि तिथून हैदराबादला.

तिथं पहिल्यांदा तोंडातून दुर्बीण घालून पित्ताच्या वाटेत एक नळी बसवली. डोळे निवळले. पण दुखणं राहिलं. पोटाच्या मागं, मणक्याला लागून जो स्वादुपिंड नावाचा अवयव असतो, त्यात गाठ होती आणि ती रक्ताच्या एका मोठ्या नळीला बिलगून बसली होती. कापायला गेलं तर नळी फाटणार. म्हणून कापता येत नव्हती. डॉक्टरांच्या हाती एक नवीन उपाय होता, फार थोड्या माणसांवर केलेला. पोट न फाडता बाहेरून एक लांब सुई थेट गाठीत न्यायची, पडद्यावर बघत बघत, आणि सुईच्या टोकातून उष्णता सोडून गाठ आतल्या आत जाळायची.

घरच्यांनी गोजरबाईला सांगितलं की पोटात सूज आहे. आपल्याकडे ही रीतच आहे. ज्याचं दुखणं त्यालाच त्याचं नाव सांगायचं नाही. गोजरबाई मुलाला म्हणाली, "सुजेपायी कुणी हैदराबादला आणतं का, येड्या?" आणि तिनं सरळ डॉक्टरलाच विचारलं. डॉक्टर पोरसवदा होता. असल्या वयाच्या पोराला आपण बैलसुद्धा धरायला सांगणार नाही, असं तिचं पहिल्या दिवसापासूनचं मत. ती बाजारातली हिंदी बोलली:

"गाठ जाएगी क्या?"

डॉक्टरनं ओमप्रकाशकडे बघितलं. ओमप्रकाशनं मान खाली घातली.

"नहीं जाएगी, माजी. छोटी होगी. दर्द कम होगा. कितने दिन, वो मैं नहीं बोल सकता."

गोजरबाईनं त्याला नीट न्याहाळलं. त्याच्याविषयीचं तिचं मत तिथं बदललं. चाळीस वर्षांत तिनं स्वतः एकालाही ‘उतरणार नाही’ असं सांगितलं नव्हतं. मग तिनं विचारलं, की देताना मी ओरडले तर चालेल का. तो म्हणाला, तुम्ही झोपलेल्या असाल, तुम्हाला काही कळणारच नाही. हे मात्र तिला मुळीच पटलं नाही. माणसाला बेशुद्ध करून डाग देतात, हा काय मर्दपणा झाला, असं ती दिवसभर हरिचंदला ऐकवत राहिली.

तर अशी ती आत गेली आणि दुपारी बाहेर आली. तिसऱ्या दिवशी पाठीतली मेख कोणी तरी उपटून टाकल्यासारखं झालं. तिनं अर्धी भाकर मागितली आणि इथं भाकर नसते असं कळल्यावर दवाखान्याला नावं ठेवली. डॉक्टर बघायला आला तेव्हा ती म्हणाली, मला ती सुई दाखवा.

वेळ होता म्हणून असेल किंवा असं कोणी कधी विचारत नाही म्हणून असेल, त्यानं तसली एक सुई आणून दाखवली. गोजरबाईनं हात लावला नाही, फक्त वाकून बघितली. दाभणापेक्षा बारीक होती. ती आत कुठपर्यंत गेली, असं तिनं विचारलं. डॉक्टरनं सुई आपल्या तळहातावर आडवी ठेवली आणि मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंत खूण दाखवली. तेवढी आत. गोजरबाई बराच वेळ त्या मनगटाकडे बघत होती.

"और उप्परसे दिये तो? चमडीपे?"

"चमडी जलेगी, माजी. और कुछ नहीं होगा."

ओमप्रकाश पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. तो म्हणाला, "हेच मी वीस वर्षं सांगतोय."

"तू तक्ता दाखवून सांगत होता," गोजरबाई त्याच्याकडे न बघता म्हणाली. "ह्यानं विस्तू हातात धरलाय."

ओमप्रकाशला वाईट वाटलं. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतही होतं, पण ते पुसायला आईला वेळ नव्हता. ती कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपली. संध्याकाळी हरिचंद तिच्यापाशी बसला. त्याच्या दोन्ही हातांवर, कोपराच्या खाली, वाटाण्याएवढे पांढुरके डाग होते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्याला कावीळ झाली होती आणि गोजरबाईनं आपल्या सासूच्या देखरेखीखाली दिलेला तो पहिला डाग. डॉक्टर काय म्हणाला ते तिनं त्याला सांगितलं. तो आपल्या हाताकडे बघत राहिला.

"मग मी कसा बरा झालो?"

"तसाच."

हरिचंदनं विचार केला. "म्हंजे दुखलं ते फुकट?"

"व्हय."

"बरं," हरिचंद म्हणाला आणि बाही खाली ओढून घेतली.

तांड्यावर परत आल्यावर गोजरबाईनं दाभण दाराच्या चौकटीवरून काढलं आणि त्यानं दोन फाटक्या गोण्या शिवल्या. रविवारी माणसं आली तेव्हा ती दारात बाजेवर बसून म्हणाली, डाग द्यायचं मी सोडलं, घरी जा. एवढं सांगितलं की संपेल, असं तिला वाटलं होतं. पण तिचा चुलत दीर शंकरसिंग होता ना.

शंकरसिंगची जीप शिरड शहापूर ते औंढा आणि औंढा ते हिंगोली अशी चालायची. जीपमध्ये बसणाऱ्याला त्याचं बोलणंही ऐकावं लागायचं. त्यानं सगळ्या रस्त्याला सांगून टाकलं, की हैदराबादच्या मोठ्या डॉक्टरांनी गोजरवयनीला डाग दिला. साधासुधा नव्हे, आतून दिला, सुईनं दिला, पडद्यावर बघून दिला. "इथं सरकार म्हणतं डाग देऊ नका, अन् तिथं गार हवेत निजवून डाग देऊन राहिले. मंग आपली माणसं येडी होती का?" जीपमधली माणसं माना हलवायची. खोटं त्यात काहीच नव्हतं, हीच पंचाईत होती.

पुढच्या रविवारची रांग कधी नव्हे एवढी मोठी होती. गोरेगावहून माणसं आली, कनेरगाव नाक्याकडची आली. सगळ्यांना हैदराबादचा डाग पाहिजे होता. गोजरबाईनं सांगितलं, की कातडीवर दिलेला डाग आत पोचत नाही, आजवर दिलेलेही पोचले नव्हते. माणसं समजूतदारपणे हसली. आजारी आहे, जरा रुसली आहे, असं एकमेकांना म्हणाली. एकानं नारळ ठेवला. साधी गोष्ट सांगितली की ती माणसाला हलकी वाटते आणि न कळणारी सांगितली की तो भाकरी बांधून आणून ऐकत बसतो. गोजरबाई चाळीस वर्षं याच गोष्टीवर चालली होती. आता ती उलटून तिच्याच दारात बसली होती.

"काय माणसं हायत," ती हरिचंदला म्हणाली. "गुण येतो म्हनलं तवाबी आले, येत न्हाई म्हनलं तवाबी आले. शेळीला बी कळतं कोणता पाला कडू ते."

ओमप्रकाशला मात्र आनंद झाला होता. त्यानं आईला विनवलं, की ग्रामपंचायतीसमोर सभा घेऊ, तू चार शब्द बोल, तालुक्याचे साहेबही येतील. ती म्हणाली, तुझ्या तक्त्यावरचं चित्र मी होणार नाही. तो चिडून म्हणाला, मग ही माणसं नदीपलीकडच्या बाबूसिंगकडे जातील, तो विळ्यानं डाग देतो. ती म्हणाली, जाऊ देत, मरू देत, मला काय त्याचं. आणि बाजेवर जाऊन पडली. पाठीत पुन्हा सुरू झालं होतं. अजून मेख नव्हती, खिळा होता. तिनं कोणाला सांगितलं नाही. हरिचंदला न सांगताच कळलं होतं, कारण ती आता पालथी निजायची.

श्रावण लागला त्या आठवड्यात अमीरबी आली. अमीरबी शिरड शहापूरची बांगड्यावाली. तांड्यावर बांगड्या भरायला तीस वर्षं येत होती आणि तीस वर्षं तिचं नि गोजरबाईचं भांडण चालू होतं. गोजरबाईच्या मते अमीरबी फुटक्या बांगड्या खपवते. अमीरबीच्या मते गोजरबाईचा हात बांगडी भरायला म्हशीच्या खुरासारखा आहे. दोघी एकमेकींची वाट बघायच्या. त्या दिवशी मात्र अमीरबीच्या डोक्यावर टोपली नव्हती. ती शंकरसिंगच्या जीपमधून उतरली आणि तिच्या खांद्यावर ओढणीत गुंडाळलेली नात होती, सहा वर्षांची मुन्नी.

"डोळे बघ हिचे," अमीरबी म्हणाली. "आठ दिवसांपासून तकलीफ हाय. कालपासून खायना, पियाना. निस्ती झोपती. हैदराबादवाला डाग दे."

गोजरबाईनं मुन्नीची पापणी उलटी केली. हळदीसारखा पिवळा डोळा. पण तो डोळा तिच्याकडे बघत नव्हता. तिनं पोरीच्या दंडाला चिमटा घेतला. पोरगी ओरडली नाही, हात मागं घेतला नाही, फक्त मान दुसऱ्या खांद्यावर पडली. असली लेकरं गोजरबाईनं पूर्वी पाहिली होती. ती रडायची नाहीत म्हणून तिला आवडायचीसुद्धा. डाग दिल्यावर पुढच्या रविवारी त्यांच्या घरून कोणी आलं नव्हतं. बरं झालं म्हणून आले नसतील, असं तिनं तेव्हा धरून टाकलं होतं.

"न्हाई देत," ती म्हणाली.

"काहून?"

"पोचत न्हाई आत. सांगितलं न सगळ्यांला."

"खुदला हैदराबाद अन् आमच्या लेकराला ठेंगा." अमीरबीचा आवाज फाटला. "तीस बरस तुझ्या दारात आले मी. चोर हाईस तू. आपल्यापुरतं आणून ठेवलं."

शंकरसिंग मध्ये पडला. वहिनीला बाजूला घेऊन तो हळूच म्हणाला, की दाभण थंडच टेकव, म्हातारीचं समाधान होईल, तू दिला म्हणजे पोरगी आपोआप उठून बसेल.

"शंकरसिंग, तुझी अक्कल बी डिझेलवर चालती का?" गोजरबाई म्हणाली. "टाकी भर जाऊन."

अमीरबीनं ओढणी सावरली. बाबूसिंग विळा तापवूनच बसलेला असतो, त्याच्याकडे जाते, एवढं म्हणून ती वळली. तिची पावलं नदीकडच्या वाटेला लागली.

गोजरबाई बाजेवर बसून तिच्या पाठीकडे बघत होती. खरं सांगून झालं होतं. खऱ्याचा काही उपयोग नव्हता. अमीरबी मूर्ख होती. बाबूसिंग मूर्ख होता. रांगेत बसणारी सगळी दुनिया मूर्ख होती आणि तिला असं कोणी केलं होतं, ते गोजरबाईला ठाऊक होतं. पोरीची मान प्रत्येक पावलाला हलत होती.

"अमीर," तिनं हाक मारली. "थांब. हैदराबादचा डाग इथं देता येत न्हाई. त्याला लाईट लागती. मशीन हिंगोलीला आली हाय, सरकारी दवाखान्यात. पर मी संगं असल्याबिगर ते देत न्हाईत."

अमीरबी वळली. "सच?"

"तू बांगड्या देताना सच बोलती का?"

हरिचंद गोठ्यापाशी उभा राहून हे ऐकत होता. हिंगोलीला कसलीही मशीन आलेली नाही हे त्याला माहीत होतं, आणि बायको सकाळपासून पाणीसुद्धा पोटात ठेवू शकली नव्हती हेही माहीत होतं. तो आत गेला, तिची ओढणी घेऊन आला आणि तिच्या खांद्यावर टाकली.

जीपमध्ये गोजरबाई पुढे बसली. औंढ्यापर्यंतचा रस्ता पावसानं खाल्लेला होता आणि प्रत्येक खड्डा तिच्या पाठीत उतरत होता. दोन्ही हातांनी तिनं समोरचा दांडा धरला होता. शंकरसिंग वाटेत चढणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, की आज वहिनी हिंगोलीच्या डॉक्टरांना डाग दाखवायला चालली आहे. एरवी तिनं त्याला तिथंच सोलला असता. आज तिनं त्याला बोलू दिलं. तेवढ्यानं अमीरबी मागं गप्प बसून राहत होती. एका जागी मात्र, पोरीला वांती झाली म्हणून त्यानं जीप थांबवली आणि उतरून बिडी पेटवली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "इझव ती. चल."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोरीला बघितलं आणि रांग सोडून तिला आत घेतलं. नर्सला भराभर काय काय सांगितलं. मग पोरीचे दोन्ही हात उलटसुलट करून बघितले, पोट उघडं करून बघितलं.

"डाग दिलेला नाही ना कुठं?"

"न्हाई," गोजरबाई म्हणाली.

"नशीब. त्या बाजूची सगळी पोरं डागून आणतात, आणि तेही शेवटच्या दिवशी. कोण गाढव बाई देते, देव जाणे."

अमीरबीनं तोंड उघडलं. गोजरबाईला शिव्या द्यायचा हक्क तिचा होता, दुसऱ्या कोणाचा नव्हता. पण गोजरबाईनं तिचा गुडघा दाबून धरला.

"हाय एक," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "आता देत न्हाई."

डॉक्टरीणबाईंचं लक्ष नव्हतं. पोरगी चार-पाच दिवस ठेवावी लागेल, आज आणलीत हे बरं केलंत, उद्या काय दिसतं ते बघू, असं त्या म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. नर्सनं मुन्नीच्या हातात सलाईनची सुई घातली. सुई टोचली तशी पोरगी कळवळली आणि बारीक, चिरक्या आवाजात रडायला लागली. अमीरबीनं घाबरून तिचं तोंड दाबलं. रडलं की डाग वाया, हे तिला पाठ होतं.

"काढ हात," गोजरबाई म्हणाली. "रडू दे. लई चांगली रडून राहिली."

बाटलीतून थेंब पडायला लागले. पोरीचं रडणं हळूहळू मुसमुसण्यावर आलं. अमीरबी बाटलीकडे, नळीकडे, चिकटपट्टीखालच्या सुईकडे बघत होती. मग तिनं विचारलं, की डाग कधी देणार.

"दिला की. ही सुई गेली न आत."

"आग कुठं हाय?"

"दिसत न्हाई ती."

अमीरबीनं नाक मुरडलं. एवढ्यासाठी हिंगोलीपर्यंत हाडं खिळखिळी करून घेतली, असं तिच्या मनात आलं असावं. पण मुन्नीनं मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि पाणी मागितलं. ती पाणी आणायला उठली.

दुपार कलली होती. खाटेशेजारच्या खिडकीतून उजेड आत येत होता. नर्स बाटलीचा वेग बघायला आली आणि जाता जाता थबकली. ती वाकली आणि मुन्नीकडे नव्हे, गोजरबाईकडे बघू लागली.

"आजी, जरा इकडं बघा. डोळे किती पिवळे झालेत तुमचे. कधीपासून आहे हे? चला, केसपेपर काढून घेऊ. डॉक्टर आहेत तोवर दाखवा."

"माझा नंबर न्हाई, बाई," गोजरबाई म्हणाली. "मी लेकरासंगं आले."

नर्स आणखी काही तरी म्हणाली. पलीकडच्या खाटेवरून तिला हाक आली आणि येते हं, असं म्हणून ती गेली. गोजरबाई खिडकीकडे पाठ करून फरशीवर बसली. अमीरबी आता तिच्याकडे टक लावून बघत होती. तिनं आपल्या बुडाखालचं स्टूल काढलं आणि गोजरबाईच्या पुढे सरकवलं. गोजरबाईनं ते घेतलं नाही. मुन्नीचा डोळा लागत होता आणि झोपेत तिचा सुईचा हात मुडपत चालला होता. गोजरबाईनं तो मनगटापाशी धरला, खाटेच्या काठावर सरळ केला आणि बाटली संपेपर्यंत तसाच धरून ठेवला.